बोन्सायचा टॅग: साइटवरचं झाड आणि नर्सरीच्या बाकावरचं झाड एकच राहावं म्हणून

बोन्साय, म्हणजे कुंडीत लहान ठेवलेली झाडं, ऑनलाइन विकताना एक अडचण येते: दोन नग कधीच सारखे नसतात. वेबसाइटवर फोटो एकाचा आणि पार्सलमध्ये दुसरंच झाड गेलं, की ऑर्डर परत येते आणि प्रवासात झाडही शिणतं. मार्करने लिहिलेलं प्लॅस्टिक लेबल उन्हात पुसट होतं. त्यापेक्षा असं करा:

१. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनची दीड बाय सहा सेंमी पट्टी कापा. कडा दुमडा, धार हाताला लागते.

२. पट्टी वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून नंबर लिहा: वडाला 'व-०१७', जेडच्या झाडाला 'जे-००४'. हा नंबर कोरला जातो, पाण्याने जात नाही.

३. टॅगला १ मिमी अ‍ॅल्युमिनियमची तार बांधा, तार कुंडीच्या तळाच्या भोकातून ओवा आणि टॅग बाहेर राहू द्या.

४. सावलीत, मागे काळं कापड लावून, झाडाची दर्शनी बाजू समोर ठेवून फोटो काढा. टॅग फोटोत दिसू द्या आणि शेजारी फूटपट्टी उभी करा, 'केवढं आहे?' हा प्रश्न निम्मा तिथेच मिटतो. फाइलला तोच नंबर द्या.

५. साइटवर शिल्लक नग १ टाका. प्रदर्शनात झाड विकलं, तर पैसे घेतल्याबरोबर मोबाइलवरून ० करा.

मोठी छाटणी झाली की फोटो बदला. कुंडी बदलताना टॅग झाडाबरोबर नव्या कुंडीत गेलाच पाहिजे, गोंधळ नेमका तिथे होतो. पण म्हणून तो खोडाला बांधू नका: खोड जाड होताना तार सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही.