आमदारांच्या पक्षांतराची बातमी कशी तपासावी

पक्षांतराची बातमी आली की ‘किती आमदार गेले’ याआधी ‘ते नेमके काय करून गेले’ हे पाहावे. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडल्यास किंवा पक्षादेश झुगारून मतदान केल्यास आमदारकी जाऊ शकते. सदस्यत्व सोडले असे ठरायला लेखी राजीनामाच लागतो असे नाही, वर्तनावरूनही तो निष्कर्ष काढता येतो. व्हिप म्हणजे हा पक्षादेश मोडला असेल, तर पक्षाने १५ दिवसांत माफी दिली का, तेही बघावे. एक-तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता टळण्याची पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीने बुजवली. आता दोन-तृतीयांश आमदारांच्या संमतीने होणारे विलीनीकरण हाच मुख्य बचाव उरला आहे.

मग विधानसभा अध्यक्षांकडे अपात्रतेचा अर्ज कधी गेला, ती तारीख टिपून ठेवावी, कारण खरी मेख तिथेच असते. अशा अर्जांवर साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले होते. महाराष्ट्रात मात्र शिवसेनेतील जून २०२२ च्या बंडावरील निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला.

शेवटी, पक्षांतर करणाऱ्यांना काय मिळाले हे कळण्यासाठी खातेवाटप वाचावे. २८८ सदस्यांच्या विधानसभेत १५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे मंत्र्यांची संख्या ४३ च्या पुढे जात नाही, म्हणून महामंडळांवरील नेमणुकाही त्याच यादीशेजारी ठेवून पाहाव्यात.