गिनीपिगचा मूतखडा: लघवीचा डाग चोळून बघा

वाळलेल्या लघवीचा पांढरा डाग बोटांत चोळा. पिठासारखा मऊ लागला तर बहुतेक काळजी नाही. वाळूसारखा खरखरीत लागला तर एक्स-रे काढून घ्या. हे खडे कॅल्शियमचे असतात, त्यामुळे फिल्मवर ठळक दिसतात. लघवी करताना किंचाळणे, पाठ वर काढून बसणे, लघवीत रक्त ही पुढची लक्षणं. नर कुंथतोय आणि थेंबही पडत नाही, तर सकाळची वाट बघू नका.

खडा औषधाने विरघळत नाही. मूत्राशयातला बहुधा शस्त्रक्रियेनेच निघतो. शस्त्रक्रियेआधी गिनीपिगला कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, आतडी थांबतात. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर नकोच.

नाशकात चाऱ्याला लसूणघास सहज मिळतो म्हणून लोक तोच घालतात. मोठ्या गिनीपिगला तो रोज नको, त्यात कॅल्शियम फार. वाळलेलं साधं गवत चोवीस तास समोर हवं. पालक क्वचित, ढोबळी मिरचीची फोड रोज चालते, तिच्यात ‘क’ जीवनसत्त्व भरपूर. बोअरचं पाणी जड असेल तर फिल्टरचं द्या, आणि भाजी ओलीच ठेवा, तेवढंच पाणी जास्त पोटात जातं.