कोकणात चुनखडी शोधताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की पिशवीत दगड घेऊन माणसं येतात. "ॲसिड टाकलं, फेस आला, म्हणजे चुनखडीच ना?" दरवेळी तेच पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

बुडबुडे दिसले की लगेच निकाल देणं ही सगळ्यात मोठी चूक. जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, सच्छिद्र असतो. कोरड्या जांभ्यावर काहीही ओतलं तरी भोकांतली हवा बाहेर येते. मी आधी साध्या पाण्याचा थेंब टाकतो, हवा निघून जाऊ देतो आणि मगच ॲसिड लावतो. खऱ्या चुनखडीवर थेंब चुरचुरत राहतो, कारण कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो.

राजापूरकडचे एक गृहस्थ असाच चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभ्याचा ठोकळा, घेऊन आले होते. त्यांच्या सड्याखाली (जांभ्याच्या माळाखाली) चुनखडी आहे असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं, खाणीसाठी भागीदारही ठरत आलेले. फेस खरोखरच येत होता, पण एकाच बाजूला. चिरा फोडून आतल्या ताज्या भागावर थेंब टाकला, काहीच झालं नाही. चिरा पडक्या भिंतीतला होता आणि त्या बाजूला जुना चुना चिकटलेला. भिंतीतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कार्बोनेट होतो, फेस त्याचा. जांभा तयार होतानाच पावसाचं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. त्यात चुनखडी कुठून येणार? दगड फोडायला दोन मिनिटं लागतात. तेवढा धीर नसलेल्यांनी खाणीच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सुटा दगड आणूच नका. जिथे खडक उघडा पडलाय तिथून काढा.

दुसरी चूक करलाबाबतची. किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपल्यांचा चुरा कार्बोनेटने जखडून दगड बनतो, तोच करल. फेस भरपूर येतो, शिंपले दिसतात, आणि नवशिके त्याला कोट्यवधी वर्षांचा खडक ठरवून मोकळे होतात. भूशास्त्राच्या हिशेबात तो अगदी अलीकडचा. थरांचा उतार बघा, पुळणीसारखाच समुद्राकडे हलका कललेला असतो. भिंगातून शिंपले बघा, पुष्कळदा मूळची चकाकी शाबूत असते. शिंपल्यातलं अरॅगोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचंच एक रूप, फार जुन्या चुनखडीत त्याचं बहुधा कॅल्साइट हे जास्त टिकाऊ रूप झालेलं असतं.

काळ्या दगडातल्या पांढऱ्या गाठींना फेस आला तर गाठ कॅल्साइटची, दगड मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्टच.

कासार्डे-फोंड्याकडचा पांढरा दगड काचेवर ओरखडा काढतो, ॲसिडला दाद देत नाही. ती सिलिका.

घरातली शहाबादी फरशी फेसाळते, पण ती कर्नाटकातल्या भीमा खोऱ्यातली.

संडास साफ करायचं ॲसिड तसंच ओतू नका. तीव्र ॲसिडने डोलोमाइटही (चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम असलेला कार्बोनेट दगड) फसफसतो आणि चुनखडीशी फरक कळत नाही. १० टक्क्यांचं सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरा. त्याला डोलोमाइट पूड केल्यावरच नीट फेसाळतो. पातळ करताना ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही.

"कोकणात चुनखडी नाहीच" हेही अर्धवट. जाड थर आहेत, पण समुद्राच्या तळाखाली. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल लागलं, ते मुख्यतः मायोसीन काळातल्या (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत. नद्यांचा गाळ फारसा पोचत नव्हता अशा उथळ समुद्रात ती साचली. पुढे पाण्याने तिचे काही भाग विरघळले आणि त्या पोकळ्यांत तेल साठलं.

प्रयोगशाळेत नमुना देताना नुसता कॅल्शियमचा आकडा मागू नका, भाजल्यावरची वजनातली घटही मागा. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड होऊन जातं, ५६ टक्के चुना उरतो. जांभ्याचंही वजन घटतं, पण ते त्यातलं पाणी गेल्यामुळे. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच बघायचे.