जुनी हॅसलब्लॅड बॅक बघायला जाताना एक वाया गेलेला रोल न्या

हॅसलब्लॅड या फिल्म कॅमेऱ्याची बॉडी घ्यायची तर आपण दहा जणांना विचारतो. बॅक, म्हणजे कॅमेऱ्यामागे लागणारी रोलची सुटी डबी, मात्र हातात घेतो, उलटीसुलटी करतो आणि पैसे मोजून मोकळे होतो. मीही तेच केलं. फोर्टातल्या बोरा बाजारात ए१२ नावाची बॅक मिळाली होती, चामडं कोरं, कडा चकचकीत. "एकदम चालू आहे मॅडम." चालू होतीच, पण तिसरी फ्रेम चौथीवर चढवत. ओळखीच्या घरचं बारसं त्या रोलवर होतं. बाळाच्या आजीच्या कपाळातून पाळण्याची दोरी निघालीय, असा एक फोटो अजून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून बॅक बघायला जाताना पिशवीत चार वस्तू असतात: वाया गेलेला १२० चा रोल (मागे कागद असलेली रुंद फिल्म), बारीक टोकाचा मार्कर, स्टीलची छोटी पट्टी आणि टॉर्च. आणि हो, स्वतःची बॉडी लेन्ससकट. नुसती बॅक हातात घेऊन काही कळत नाही.

आधी नाव वाचा. ए१२ म्हणजे १२० च्या रोलवर बारा चौकोनी फ्रेम, ए१६ म्हणजे सोळा आडव्या. ए२४ स्वस्तात दिसली की हुरळून जाऊ नका. ती २२० च्या रोलसाठी आहे आणि तो रोल आता सहज मिळत नाही. तिच्यात १२० चढतो, पण बारा झाले हे तुम्हीच लक्षात ठेवायचं, ती थांबवत नाही. जुन्या सी१२ ला मागे छोटं झाकण असतं, त्यातून कागदावरचा आकडा बघून पहिली फ्रेम लावायची. सवय झाली तर वाईट नाही.

मग इन्सर्ट, म्हणजे रोल बसवायचा आतला सांगाडा, बाहेर काढा. त्यावरचे तीन आकडे आणि बाहेरच्या कवचाच्या नंबरातले शेवटचे तीन जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर बॅक बाद असं नाही, पण भाव मात्र पाडून मागा, कारण पुढे विकताना तुम्हालाही कमीच मिळणार. नंबराआधी दोन अक्षरं असली तर साल कळतं. व्ही, एच, पी, आय, सी, टी, यू, आर, ई, एस ही ओळीने १ ते ९ आणि शेवटचा ०. म्हणजे आरएच असेल तर १९८२. रिकामा स्पूल (फिल्म गुंडाळायची फिरकी) आत आहे का तेही बघा, विक्रेते तो हमखास हरवतात.

आता खरी परीक्षा. वाया गेलेला रोल इन्सर्टमध्ये चढवा. कागदाचं टोक इन्सर्टवरच्या पट्टीखालून घेऊन रिकाम्या स्पूलवर नीट बसवायचं, कागदावरचा बाण लाल खुणेसमोर आला की इन्सर्ट आत. बॅकची किल्ली अडेपर्यंत फिरवा, खिडकीत १ दिसला पाहिजे. बॅक बॉडीला लावा आणि दोघींच्या छोट्या खिडक्यांचा रंग एकच आहे ना बघा, दोन्ही पांढऱ्या किंवा दोन्ही लाल. एक लाल, एक पांढरी असेल तर फ्रेम वाया जाणार किंवा एकावर एक पडणार.

मग डार्क स्लाइड (फिल्म झाकणारा सरकता पत्रा) घालून बॅक काढायची, स्लाइड ओढायची आणि चौकटीच्या वरच्या व खालच्या कडेला फिल्मवर मार्करने रेघ मारायची. हॅसलब्लॅडमध्ये फिल्म उभी सरकते, म्हणून याच दोन कडा महत्त्वाच्या. स्लाइड घालून बॅक परत लावा, स्लाइड काढा, क्लिक करा, क्रँक फिरवा, की पुन्हा तेच. असं बारा वेळा. पंधरा मिनिटं लागतात आणि दुकानदार घड्याळ बघायला लागतो, बघू दे. शेवटी रोल उलगडून रेघांमधली अंतरं पट्टीने मोजा. अंतर थोडं कमीजास्त चालेल. पण एक चार मिलिमीटर, पुढचं शून्य, असं असेल तर आतले गिअर दमलेत. नुसत्या कागदावर ही चाचणी करू नका. फिल्म आणि कागद मिळून जी जाडी होते, तिच्यावर अंतर अवलंबून असतं.

प्रकाश गळतीला मी एवढी घाबरत नाही. इन्सर्ट काढा, स्लाइडही काढा, स्लाइडच्या फटीवर टॉर्च धरा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात आतून बघा. उजेडाची रेघ दिसली तर फटीतला फोम आणि पातळ पट्टी गेली. ती घरीही बदलता येते, भावात मात्र धरा. स्लाइड काचेवर ठेवून ती डुगडुगते का तेही पाहा. वाकडी स्लाइड नवं सीलसुद्धा खाते.

फाइंडरचं, म्हणजे ज्यातून बघून फोटो जुळवतो त्याचं, सोपं आहे. वरून बघायच्या घडीच्या हूडची चारही पानं ताठ उभी राहिली आणि भिंग खटकन वर आलं की झालं. डोळ्यासमोर धरून बघायचा प्रिझमचा फाइंडर मात्र खिडकीकडे धरून तपासा. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या प्रिझममध्ये फंगसची जाळी असते, आणि आतली चांदी सुटली असेल तर काळे डाग दिसतात. डाग फोटोत उतरत नाहीत, पण फोकस करताना डोक्यात जातात. कीव्ह ८८ या हॅसलब्लॅडसारख्या कॅमेऱ्याचा प्रिझम हॅसलब्लॅडच्या ५०० मालिकेवर बसतो, स्वस्तही पडतो. कीव्हची बॅक मात्र बसत नाही, कितीही सारखी दिसली तरी.

उजेड मोजायचा मीटर असलेला प्रिझम असेल तर बॅटरीचं झाकण उघडा. हिरवा थर दिसला की तिथेच ठेवा. नसेल तर फोनवरच्या मीटरशी तीन ठिकाणी ताडून बघा: उन्हातली भिंत, जिन्याचा अंधार, दुकानातली ट्यूबलाइट. तिन्हीकडे सारखाच एक स्टॉप (दुप्पट किंवा निम्म्या उजेडाचा) फरक आला तर हरकत नाही, आयएसओ तेवढा सरकवून भागतं. बहुतेक वेळा तो जुन्या मीटरखाली नवा उजळ फोकसिंग स्क्रीन बसवल्याचा असतो. माझ्या प्रिझममध्ये उन्हात फरक नव्हता आणि जिन्यात दोन स्टॉप होता. तो मी मीटर मेला असं धरून, साध्या प्रिझमच्या भावात घेतला.