अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज करताना

अर्जुन पुरस्कार मैदानावरील कामगिरीसाठी दिला जातो, परंतु निवड समितीपुढे ती कामगिरी कागदपत्रांच्या रूपानेच जाते; म्हणून अर्जाची तयारी अर्ज मागवल्यावर नव्हे, तर प्रत्येक स्पर्धा संपते त्याच दिवशी सुरू करावी.

प्रथम निकष बारकाईने वाचावेत. १९६१ साली सुरू झालेल्या या पुरस्कारासाठी एका मोसमातील चमक पुरेशी नसून मागील ४ वर्षांतील सातत्य, तसेच नेतृत्वगुण, खिलाडूवृत्ती आणि शिस्त विचारात घेतली जाते. उत्तेजक द्रव्यसेवनाबद्दल बंदी भोगत असलेला खेळाडू पात्र ठरत नाही.

प्रत्येक पदकासाठी प्रमाणपत्र आणि अधिकृत निकालपत्रक एकत्र जोडून ठेवावे. येथे नावाची पडताळणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव असते, तर परदेशातील निकालपत्रकावर अनेकदा आडनाव आधी येते आणि मधले नाव गळते. असा फरक दिसताच आयोजकांकडून दुरुस्ती मागावी; स्पर्धेला वर्ष उलटल्यावर ती मिळवणे फार कठीण जाते. क्रीडाप्रकारही पूर्ण लिहावा: केवळ ‘नेमबाजी’ न लिहिता, स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले त्याप्रमाणे ‘५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स’ असे लिहावे.

खेळाडूला आता स्वतः ऑनलाइन अर्ज भरता येतो, त्यामुळे संघटना नाव पाठवेल या भरवशावर राहू नये. डिसेंबर २०२४ मध्ये खेलरत्न या सर्वोच्च क्रीडा पुरस्काराच्या शिफारशींत, पॅरिसला २ पदके जिंकलेल्या नेमबाज मनू भाकर यांचे नाव नसल्याची चर्चा झाली, तेव्हा अर्ज भरताना बहुधा आपल्याकडूनच चूक झाली असावी, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले होते. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्यांना तो पुरस्कार मिळाला. तथापि ऑलिंपिकची २ पदके गाठीशी नसलेल्या खेळाडूच्या अर्जाकडे कोणी पुन्हा वळून पाहील, असे मला वाटत नाही.

निवृत्त खेळाडूंसाठी जीवनगौरव विभाग आहे. १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या मुरलीकांत पेटकर यांना २०२४ चा अर्जुन जीवनगौरव मिळाला, म्हणजे मधे अर्धशतक गेले. आपल्या तालमीत किंवा क्लबमध्ये असे कोणी ज्येष्ठ असतील, तर त्यांच्या घरी जाऊन ट्रंकेतील प्रमाणपत्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे आजच स्कॅन करून घ्यावीत, कारण घडीवर झिजलेल्या कागदावरील तारीख सर्वांत आधी पुसली जाते.