पुण्यात बसून युरोपातला वेगाचा दंड निस्तरताना

युरोपात भाड्याची गाडी चालवून परत आल्यावर दंडाचं पाकीट कोथरूडला पोचायला वर्षही लागू शकतं. परदेशात राहणाऱ्याला नोटीस धाडायला इटलीच्या पोलिसांकडे ३६० दिवस असतात. गाडी भाड्याची असेल तर हे दिवस सहसा कंपनीने तुमचं नाव कळवल्यापासून धरतात. म्हणून ‘इतक्या उशिरा आली, म्हणजे बाद’ हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो.

त्याआधी क्रेडिट कार्डावर तीस ते साठ युरो कापलेले दिसतात. तो दंड नव्हे. पोलिसांना तुमचं नाव-पत्ता पुरवल्याचं रेंटल कंपनीचं शुल्क आहे आणि करारात त्याचं कलम असतं. त्यावरून भांडण्यात वेळ घालवू नका, पण दंड मिटला असंही समजू नका. कंपनीला ईमेल करून पोलिसांच्या पत्राची प्रत मागा आणि त्यांच्याकडे तुमचा कुठला पत्ता आहे ते विचारा. लायसन्सवर रिडेव्हलपमेंटला गेलेल्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा पत्ता असेल, तर पाकीट तुमच्या हाती पडणारच नाही. पडलं, तर मिळाल्याची तारीख लगेच पाकिटावर लिहा. वॉचमनने सही करून घेतलं असेल तर त्याच्या वहीतली तारीख.

कारण सगळा खेळ तारखेचा आहे. आपल्याकडे ई-चलान साठवून लोकअदालतीची वाट बघायची सवय असते. तिथे उलटं चालतं. इटलीत मर्यादेपेक्षा १० ते ४० किमी जास्त वेगाला १७३ युरो दंड आहे (रात्री १० ते सकाळी ७ मध्ये एक तृतीयांश जास्त). नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरला तर ३० टक्के सूट, म्हणजे १२१ युरो १० सेंट. ६० दिवसांपर्यंत पूर्ण १७३. त्यानंतर ३४७. टपाल-खर्च प्रत्येक वेळी यावर.

भरण्याआधी खरेपणा तपासा. नोटिशीतला गाडी नंबर, तारीख, वेळ आणि रस्ता रेंटल करार आणि टोलच्या पावत्यांशी जुळवा. एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून पैसे कधीच भरू नका. पत्रावरचा वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. इटलीतल्या बऱ्याच नगरपालिका परदेशी वसुली निवी या कंपनीमार्फत करतात, त्यामुळे पाकिटावर पोलिसांऐवजी तिचं नाव दिसलं तरी लगेच बनावट ठरवू नका.

पोर्टलवर कार्ड चालत असेल तर तेच वापरा. फॉरेक्स मार्कअप (परकी चलनाच्या व्यवहारावर बँक लावते ते जादा शुल्क) आणि त्यावरचा जीएसटी जाईल, पण पैसे वेळेत पोचतील. बँकेतून पाठवायचे झाले तर ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज) आणि पॅन लागेल, आणि पाच दिवसांची सूट बहुधा हुकेल, कारण पैसे तिकडे जमा झालेली तारीख महत्त्वाची. एक चूक हमखास होते: मधल्या बँकेने आपलं शुल्क कापलं की तिकडे रक्कम अपुरी पडते आणि बाकीची वसुली चालूच राहते. म्हणून बँकेला ‘सगळे चार्जेस आमच्याकडून’ असं स्पष्ट सांगा, आणि तपशिलात नोटीस क्रमांक, गाडी नंबर आणि तारीख घाला. ऑस्ट्रियात क्रमांक चुकला तर दंड भरलाच नाही असं धरलं जाऊ शकतं.

गाडी कोण चालवत होतं, याचा फॉर्म सोबत असेल तर तोही भरून पाठवा. इटलीत तो ६० दिवसांत गेला नाही तर वेगळा दंड लागतो. इंग्लंडमध्ये तर २८ दिवसांत चालकाचं नाव न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जर्मनीत जबाबदारी खुद्द चालकाची, म्हणून समोरून काढलेल्या फोटोत तुमच्याऐवजी बायको किंवा मित्र दिसत असेल तर आधी तो मुद्दा मांडा. तिथे दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला अवघे दोन आठवडे मिळतात.

इटलीत प्रिफेक्टकडे, म्हणजे प्रांतातल्या सरकारी प्रतिनिधीकडे, ६० दिवसांत दाद मागता येते, पण दंड भरला की तो हक्क संपतो आणि अर्ज फेटाळला तर किमान रकमेच्या निदान दुप्पट बसतात. गाडी नंबरच चुकला असेल किंवा मुदत उलटल्याचा पुरावा असेल, तरच त्या वाटेला जा. ‘बोर्ड दिसला नाही’ एवढ्यावर कोणी ऐकत नाही.

युरोपीय देशांची आपसांतली दंडवसुलीची व्यवस्था भारताला लागू नाही, म्हणून ‘काही होत नाही’ असा सल्ला गप्पांत मिळतो. पुन्हा तिकडे जायचं नसेल तर ठीक. स्वित्झर्लंडमध्ये गावात मर्यादेपेक्षा ६ ते १० किमी जास्त वेगाला १२० फ्रँक आहेत, ३० दिवसांत भरले की प्रकरण संपतं. न भरल्यास रीतसर कारवाई सुरू होते, खर्च वाढतो, आणि पुढच्या वेळी सीमेवर अडवलं जाऊ शकतं.

पैसे भरल्यावर पावतीचा पीडीएफ, नोटीस आणि बँकेचा व्यवहार क्रमांक एकत्र ठेवा. इटलीतली वसुली पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. तोवर ती फाइल टाकू नका.