कायक-दासोह घरात कसा आणावा

सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात लोकांच्या कष्टांतून तलाव उभा केला. त्यांचं देऊळ आजही त्या पाण्यात आहे. त्यांची आणि बसवण्णांची, बाराव्या शतकातल्या साऱ्याच शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, शिकवण अशी की कष्टून कमवावं हे कायक, आणि गरजेपुरतं ठेवून बाकीचं समाजाला द्यावं हा दासोह. गड्ड्याच्या जत्रेला, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, आपण भक्तीने जातो. हीच रीत घरातही आणता येते.

सुरुवात पिठाच्या डब्यापासून करा. शरण आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून घर चालवत. एकदा ते जास्त घेऊन आले, तर पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावले. तेव्हा आठवडाभर रोज पीठ वाटीने मोजा आणि किती भाकरी उरतात ते लिहून ठेवा. ज्वारी आठ-दहा दिवसांपुरतीच दळून आणा. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जातो, थापताना भाकरी कडेने चिरते. मग उकळत्या पाण्यात मळण्यावाचून इलाज नसतो. शक्यतो मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या. पावसाळ्यात काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर रब्बीत येणारं हे पीक आहे. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

तरी भाकरी उरलीच, तर सकाळी फोडणीची करा. कडक भाकरी करायची असेल तर मुळातच पातळ थापा, मंद आचेवर दोन्हीकडून वाळेपर्यंत भाजा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. जाड भाकरी आतून ओलसर राहते आणि बुरशी धरते. शेंगाचटणी आणि दह्यासोबत कडक भाकरी प्रवासातही चालते.

मग कामं वाटून घ्या. शरणांमध्ये नावाडी होते, दोर वळणारे होते, चांभार होते. कुणाचंच काम हलकं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाकडे, पुरुषांकडेसुद्धा, रोजचं एक काम कायमचं द्या.

दासोहाचा वाटा मात्र स्वयंपाकाच्या आधी काढा. उरलंसुरलं देणं म्हणजे दासोह नव्हे, असं माझं ठाम मत आहे. रोज मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाका, महिनाअखेरीस जवळच्या मठात किंवा अन्नछत्रात पोचवा. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, म्हणजे सोंडे लागत नाहीत.